खानदेशातील कोरड्या जंगलात कर्ब कसा राखावा: ग्रामसभा आणि वनसमित्यांसाठी मार्गदर्शन

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांना 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. आपल्या पारंपरिक सीमेतील वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभेला दिला आहे आणि त्यासाठी व्यवस्थापन आराखडा तयार करावा लागतो. हा आराखडा लिहायला बसले की पहिले कलम बहुतेक वेळा वृक्षारोपणाचे पडते. खानदेशातील कोरड्या पानझडी जंगलात मात्र कर्बाचा, म्हणजे कार्बनचा, मोठा साठा आधीपासूनच जागेवर असतो. तो जुन्या झाडांच्या खोडांत, तोडलेल्या खुंटांच्या जिवंत मुळांत आणि मातीत असतो, आणि तो दर उन्हाळ्यात थोडाथोडा गमावला जातो. म्हणून आराखड्यात रक्षण पहिले, पाणी दुसरे आणि लागवड शेवटी असा क्रम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने दिले आहे.

कर्ब कुठे असतो आणि तो कसा मोजावा

झाड पानांवाटे हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते, सूर्यप्रकाशात त्यापासून साखर तयार करते आणि त्या साखरेतून खोड, फांद्या व मुळे घडवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो, आणि 1 किलो कर्ब म्हणजे हवेतून काढून घेतलेला सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड. जंगलातील कर्बाची पाच ठिकाणे मानली जातात: जमिनीवरचे झाड, जमिनीखालची मुळे, वाळून पडलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार देशातील वनांचा एकूण कर्बसाठा सुमारे 728 कोटी टन आहे, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग मातीत आहे. जे डोळ्यांना दिसत नाही तेच सर्वांत मोठे, ही गोष्ट आराखडा करताना सतत लक्षात ठेवावी लागते.

मोजणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. शिंप्याचा फीत, दोरी, एक सरळ काठी आणि वही एवढ्यावर काम होते. जंगलाच्या वेगवेगळ्या भागांत, म्हणजे माथ्यावर, उतारावर आणि नाल्याकाठी, 20 मीटर लांब व 20 मीटर रुंद असे चौरस आखावेत आणि त्यांच्या कोपऱ्यांवर दगड रोवून ते कायमचे ठेवावेत. उतारावर दोरी जमिनीलगत न ठेवता आडवी, समपातळीत ताणावी, नाहीतर चौरस प्रत्यक्षात लहान भरतो. चौरसातील 30 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेराचे प्रत्येक झाड छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजावे. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभे राहून मोजावे. घेराला 3.14 ने भागले की व्यास मिळतो. उंचीसाठी हाताच्या लांबीइतकी काठी हात पूर्ण लांब करून उभी धरावी आणि काठीचे खालचे टोक बुंध्याशी व वरचे टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकत जावे. जेथे ती जुळते तेथून झाडापर्यंतचे अंतर हीच झाडाची अंदाजे उंची असते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. 30 सेंटिमीटर व्यासाचा आणि 12 मीटर उंचीचा साग घेतला आणि उष्ण प्रदेशातील झाडांसाठी शास्त्रज्ञ वापरतात ते सूत्र लावले, तर त्याचे जमिनीवरचे कोरडे वजन सुमारे 353 किलो येते. हे सूत्र असे: व्यासाचा वर्ग, उंची आणि लाकडाची घनता यांचा गुणाकार करावा, त्याचा 0.976 घात काढावा आणि त्याला 0.0673 ने गुणावे. त्यात व्यास सेंटिमीटरमध्ये व उंची मीटरमध्ये धरतात, आणि सागाच्या लाकडाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 0.6 ग्रॅम असते. मुळांसाठी साधारण 28 टक्के मिळवले की एकूण वजन 450 किलोच्या आसपास जाते. त्याच्या 47 टक्के, म्हणजे सुमारे 212 किलो कर्ब, आणि हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे 780 किलो. आता 10 सेंटिमीटर व्यासाचा आणि 6 मीटर उंचीचा लहान साग त्याच सूत्रात घातला तर त्याचे जमिनीवरचे वजन केवळ 21 किलो भरते. म्हणजे असे एक मोठे झाड तोडले तर त्याच्या जागी जवळपास 17 लहान झाडे जगून एवढी वाढावी लागतात, आणि कोरड्या मुरमाड जमिनीत एवढी वाढ होण्यास कित्येक वर्षे जातात. "एकाच्या बदल्यात दहा लावू" असे सांगितले जाते, तेव्हा हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवावा.

मातीचा हिशोब शेतकऱ्याला परका नाही, कारण माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा रकाना त्याने पाहिलेला असतो. चौरसातील तीन-चार जागांवरून 30 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती एकत्र करून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. सेंद्रिय कर्ब 1 टक्का आला आणि मातीची घनता दर घन सेंटिमीटरला 1.3 ग्रॅम धरली, तर एका हेक्टरात 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे 39 टन कर्ब असतो. आपल्याकडे डोंगरउतारावर दगडगोटे पुष्कळ असतात. त्यांनी एक तृतीयांश जागा व्यापली असेल तर हा आकडा 26 टनांवर येतो. तरीही विरळ झालेल्या जंगलात मातीतला हा कर्ब झाडांतील कर्बापेक्षा अधिक भरू शकतो. एका जोरदार पावसात वरची माती वाहून नाल्याला लागली, तर जे जाते ते हेच.

वणवा: पहिले आणि सर्वांत मोठे काम

महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. सातपुड्यात या दिवसांत साग, सालई, धावडा यांची पाने गळून जमिनीवर जाड थर साचलेला असतो आणि गवत पूर्ण वाळलेले असते. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत धावतो, मोठी झाडे त्यातून वाचतात, आणि म्हणूनच त्याचे नुकसान कमी लेखले जाते. प्रत्यक्षात पालापाचोळ्यातील कर्ब काही मिनिटांत हवेत जातो, त्या वर्षी उगवलेली रोपे होरपळतात, खोडांना जखमा होऊन तेथे पोकळ्या पडतात, आणि उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या सरींना सापडते. दरवर्षी जळणाऱ्या जंगलात मोठी झाडे दिसतात, लहान झाडे दिसत नाहीत. अशा जंगलाला पुढची पिढीच नसते.

आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते, आणि तिचे कारण ओळखल्याशिवाय ती थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि वाळलेल्या पानांच्या थरात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तो विझवल्याशिवाय माणसे पुढच्या झाडाकडे जातात आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर आग उतारावर चढते. यावर उपाय साधा आहे. फुले पडण्याच्या आधी झाडाखालची जागा खराट्याने झाडून पाचोळा बुंध्यापासून दूर सारावा, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुन्या साड्या एकमेकींना शिवून पसराव्यात. साडीवर वेचलेल्या फुलांना माती लागत नाही, त्यामुळे ती स्वच्छ वाळतात आणि त्यांना भावही बरा मिळतो. ज्या घराला ही गोष्ट पटली त्या घराला वणव्याविरुद्ध दुसरा उपदेश करावा लागत नाही. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून झुडपे पेटवण्याची पद्धतही बंद करता येते, कारण झुडपे जमिनीलगत छाटली तरी पालवी चांगली फुटते. तेंदूपानांचा ठेका किंवा लिलाव होण्याआधीच ही अट ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावी.

जाळरेषांचे काम जानेवारीत संपवावे. गावाची शीव, रस्ता आणि शेजारच्या गावाची हद्द यांच्या कडेने किमान 3 मीटर रुंदीचा पट्टा गवत व पाचोळा काढून मोकळा करावा, आणि गवताळ उतारावर तो याहून रुंद ठेवावा. पट्ट्यातील पाचोळा जाळायचा असेल तर वनरक्षकाला कळवून, पहाटे दव असताना आणि वारा पडलेला असताना, माणसे दोन्ही बाजूंना उभी करूनच जाळावा. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांच्या हद्दीत तर वन विभागाच्या परवानगीखेरीज काहीच करू नये. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाइलवर संदेशाने मिळते आणि त्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येते. समितीतील दोन-तीन तरुणांनी ही नोंदणी अवश्य करावी.

राखणीच्या पाळ्या ठरवण्यासाठी होळीचे दिवस उत्तम असतात. ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत गेलेली माणसे होळीला धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागांत परत येतात आणि घराघरांतील जाणती माणसे एकाच वेळी गावात असतात. त्याच सुमारास ग्रामसभा भरवून कोणत्या पाड्याने कोणत्या टेकडीची राखण करायची आणि आग दिसली तर हाक कोणाला द्यायची हे नावानिशी ठरवावे. आग विझवण्यास जाणाऱ्यांनी हिरव्या पाल्याच्या डहाळ्या, कोयता आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवावे, सुती कपडे घालावेत आणि चढत्या आगीच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नये.

कुऱ्हाड, चराई आणि खुंटांचे फुटवे

साक्री तालुक्यातील बारीपाडा हे या बाबतीत खानदेशाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. तेथील ग्रामस्थांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकापासून सुमारे 400 हेक्टर जंगल राखले आणि त्या कामासाठी पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नियम गावाने केले, राखण गावाने केली आणि दंडही गावानेच वसूल केला, म्हणून ते टिकले. तेथे रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण ज्या जंगलातून ताटात काही येते ते जंगल राखायला घराघरांतून माणूस निघतो.

चराईबंदी करताना सगळे जंगल एकदम बंद करू नये. तसे केले तर ज्यांच्याकडे दोन-चार शेळ्यांखेरीज काही नाही त्यांच्यावरच भार पडतो आणि बंदी सहा महिन्यांत मोडते. जंगलाचे चार-पाच भाग पाडावेत, एक भाग रोपे शेळीच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत बंद ठेवावा आणि नंतर पुढचा भाग घ्यावा. बंद भागातील गवत कापून नेण्याची मुभा द्यावी आणि ते कापण्याचा पहिला हक्क शेळीपालक कुटुंबांना द्यावा. धुळे तालुक्यातील लामकानी गावाने डोंगरावरील गवत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चरांच्या कामातून परत आणले. तेथे जाऊन गावकऱ्यांशी बोलून यावे.

जळणासाठी कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या शेतातच पेटवून देण्याऐवजी घरी आणल्या, सुधारित चुली बसवल्या आणि जमेल तेथे बायोगॅस केला, तर जंगलावरचा बोजा खरोखर कमी होतो. वाळलेले लाकूड उचलण्याची मुभा असावी, पण सगळेच उचलू नये. काही पडलेली खोडे आडवी राहू द्यावीत, कारण ती माती अडवतात आणि कुजून तिलाच मिळतात.

फुटव्यांकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. सागाच्या तोडलेल्या खुंटातून आठ-दहा फुटवे एकदम येतात आणि एकमेकांशी भांडत सगळेच काटकुळे राहतात. त्यांतील जमिनीलगत फुटलेला, सरळ आणि जोमदार एक किंवा दोन फुटवे ठेवून बाकीचे हिवाळ्यात धारदार कोयत्याने कापावेत. खुंटाचे मूळ जुने आणि खोल असल्याने असा फुटवा नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो, आणि त्याला पाणी घालावे लागत नाही. पळस, तेंदू, धावडा यांच्या झुडपांतही हेच करता येते. हे काम व्यवस्थापन आराखड्यात लिहिलेले असावे आणि वन विभागाला कळवलेले असावे, म्हणजे विरळणी व तोड यांत कोणाची गल्लत होणार नाही. शंभर रोपे लावण्याच्या खर्चात कित्येक खुंटांची निगा होते, तरी फलक लावता येत नाही म्हणून हे काम मागे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाणी माथ्यावरून खाली

पावसाळा चार महिन्यांचा आणि कोरडा काळ आठ महिन्यांचा, अशा प्रदेशात झाड जगते ते मुळांपाशी ओल किती दिवस टिकते यावर. शिंदखेडा, अमळनेर, पारोळा हा तापीच्या दक्षिणेचा भाग अवर्षणप्रवण आहे, आणि जळगावचा मेमधला पारा 45 अंशांपर्यंत जातो. एक-दोन पावसाळे कमी पडले की कमकुवत झाडे वाळतात आणि त्यांतील कर्ब पुन्हा हवेत जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात डोंगरातून उतरलेले पाणी गोट्या-वाळूच्या थरांत मुरते, आणि केळीच्या विहिरी व कूपनलिका त्याच पाण्यावर चालतात. त्यामुळे डोंगरावरील जंगल राखण्यात केळीच्या बागाईतदारांचाही थेट स्वार्थ आहे, आणि राखणदाराच्या मानधनात त्यांनी वाटा उचलावा असे मी म्हणेन.

काम माथ्यापासून सुरू करावे. उघड्या उतारावर ए आकाराच्या लाकडी चौकटीने समपातळी आखून 60 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल असे सलग समतल चर खणावेत, निघालेली माती खालच्या बाजूला भरावी आणि त्या भरावावर पाऊस पडताच गवताचे व झाडांचे बी टाकावे. नाल्यांत वरून खाली अनघड दगडांचे छोटे बांध घालावेत. जेथे झाडे किंवा दाट गवत आहे तेथे मात्र चर खणू नयेत. तेथे खणल्याने मुळे तुटतात, दडलेला कर्ब उघडा पडतो, आणि जे पाणी पाचोळ्याखाली आपोआप मुरत होते त्यासाठी पैसा खर्च होतो.

लागवड: कोठे, काय आणि कोठे नको

रक्षण आणि पाणी यांची दोन-तीन वर्षे झाल्यावर कोठे आपोआप रोपे आली आणि कोठे जागा रिकामीच राहिली हे दिसते. लागवड फक्त त्या रिकाम्या जागांत करावी. उथळ मुरमाड उतारावर सालई, अंजन, धावडा आणि खैर टिकतात. अंजनाचे रोप सुरुवातीला वर फारसे वाढत नाही, कारण ते आधी मूळ खोल उतरवते, आणि त्याच गुणावर पुढे दुष्काळ सोसते. म्हणून त्याचे बी पिशवीत वाढवण्याऐवजी जागेवरच पेरावे. पिशवीत ते सोटमूळ गोल वळते आणि रोप जन्मभर दुबळे राहते. खोल मातीत साग, ऐन, हळदू आणि मोह, तर नाल्याकाठी अर्जुनसादडा, करंज, उंबर आणि जांभूळ लावावेत. मोहाच्या बिया पावसाळ्याच्या तोंडावर पिकतात आणि फार दिवस साठवल्या की उगवत नाहीत, त्यामुळे त्या गोळा केल्याबरोबर पेराव्यात. बी आपल्याच परिसरातील अनेक जुन्या, निरोगी झाडांखालून घ्यावे.

केवळ सागाची रांगेतील लागवड टाळावी. पावसाळ्यात पाने खाणाऱ्या अळ्यांचा हल्ला झाला की असा पट्टाच्या पट्टा जाळीदार पानांचा होऊन जातो आणि वाढ खुंटते. वेगवेगळ्या जातींची आणि वेगवेगळ्या वयांची झाडे असली तर एका रोगाने किंवा एका दुष्काळाने सगळे जंगल बसत नाही. बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी यापेक्षा खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

धुळे जिल्ह्यातील मूळच्या माळरानांवर मात्र झाडे लावू नयेत. गवताचा कर्ब मुख्यतः जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, तो आगीपासून व कुऱ्हाडीपासून सुरक्षित असतो, आणि मेंढपाळांचे व माळावरच्या पक्ष्यांचे जगणे त्यावर आहे. खड्डे खणून तेथे वाळणारी रोपे लावणे हे दुहेरी नुकसान आहे.

घाणेरी (लँटाना) या झुडपाने व्यापलेल्या जागेत काहीही उगवत नाही, आणि वाळलेली घाणेरी वणव्याला झाडाच्या फांद्यांपर्यंत चढवते. ती वरवर कापली तर दुप्पट फुटते. कुदळीने जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडावे आणि सगळा जुंबाडा उलटा करून वाळू द्यावा. हे फळे धरण्याच्या आधी करावे, मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवताचे बी टाकावे, आणि पुढची दोन वर्षे उगवलेली रोपे उपटत राहावे.

नोंदवही आणि करार

प्रत्येक चौरसाची मोजणी दर दोन-तीन वर्षांनी त्याच महिन्यात करावी. आगीची तारीख व जळालेला भाग, वाळलेली झाडे, आपोआप आलेली रोपे, चर आणि बांधांची स्थिती, मोह व तेंदूचे उत्पन्न हे सगळे एकाच वहीत लिहावे. दुष्काळी वर्षानंतर कोणत्या जाती तग धरून राहिल्या हे या वहीतूनच कळते आणि पुढच्या लागवडीची यादी त्यावरून बदलता येते.

अलीकडे कर्बाच्या मोबदल्याचे करार घेऊन काही मंडळी गावांत येतात. असा करार पूर्ण ग्रामसभेत, लोकांच्या भाषेत, कलमवार वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये. करार किती वर्षांचा आहे, मोजणी कोण करणार, जंगल जळाले किंवा दुष्काळात वाळले तर तोटा कोणाच्या माथी, जळण, गवत, मोह व तेंदू घेण्याच्या हक्कावर बंधन येते का, आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात, या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. वनहक्क कायद्याने मिळालेला कोणताही हक्क सोडण्याचे कलम त्यात असेल तर करार तेथेच नाकारावा. गावाची स्वतःची मोजणीवही हाती असेल तर समोरच्याचा आकडा तपासता येतो, म्हणून कराराची बोलणी सुरू होण्यापूर्वी किमान दोन मोजण्या पूर्ण झालेल्या असाव्यात.